पट्टी का निघंना? लिनक्सवर नावावरून पत्ता सापडत नसेल तेव्हा

दसऱ्यानंतरचे पंधरा-वीस दिवस लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या कट्ट्यांमधून वाट काढत चालावं लागतं. अशाच एका सकाळी साडेदहाला एका आडत दुकानातून फोन आला. "ताई, नेट तर चालूलालंय, यूट्यूब बी चालूलालंय, मग पट्टी का निघंना?" पट्टी म्हणजे मालाचं वजन, भाव आणि कपात लिहून शेतकऱ्याच्या हातात द्यायचा कागद. पट्टी नाही तर पैसे नाहीत. आणि रात्रभर टेम्पोत झोपून आलेल्या माणसाला पैसे नाहीत म्हटल्यावर तो काय बोलतो, ते इथे छापण्यासारखं नाही.

दुकानात उबुंटू लिनक्सवर चालणारे पाच संगणक आणि मागच्या खोलीत बिलिंगचा सर्व्हर. सर्व्हर सुरू होता, केबल जागेवर होती. १९२.१६८.१.१० हा आकडा टाकला की बिलिंगचं पान झटकन उघडत होतं. 'हिशोब' या नावाने मात्र पाचपैकी तीन संगणकांना ते सापडत नव्हतं, उरलेल्या दोघांना सापडत होतं. ही सगळी मांडणी माझीच होती, त्यामुळे शिव्या द्यायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

तो घोळ कसा सुटला ते पुढे येईलच. पण त्या दिवसापासून मी अशा तक्रारीला ठरावीक क्रमाने हात घालते, तो क्रम इथे सविस्तर लिहिते आहे.

एक सूचना आधीच. कमांड आणि फायलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, कीबोर्डवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि लहान लिपीत टाकायची. एका जागी सगळ्यांनाच ठेच लागते. रिझॉल्व्ह.कॉन्फ या फायलीच्या नावात रिझॉल्व्हच्या शेवटचा 'ई' नाही, रिझॉल्व्हसीटीएल या कमांडमध्ये मात्र तो आहे. हे कुणी ठरवलं असेल त्याला माझा नमस्कार.

डीएनएस कुठे लिहायचं, हा प्रश्नच फसवा आहे

डीएनएस म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी व्यवस्था. विंडोजमधून आलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, कारण तिथे एक चौकट असते, तिच्यात आकडे भरले की झालं. लिनक्सवर अशी एक चौकट नाही. गेल्या चाळीस वर्षांत एकावर एक थर चढत गेले आणि जुना थर कुणी काढला नाही. सुरुवातीला नुसती होस्ट्स फाइल होती, नाव आणि पत्ता शेजारी शेजारी. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, तेव्हा होस्ट्स फाइल गेली नाही, शेजारी रिझॉल्व्ह.कॉन्फ आली. मग दोघांत आधी कुणाला विचारायचं हे ठरवायला एनएसस्विच.कॉन्फ आली. लॅपटॉप आले, वायफाय बदलायला लागलं, तेव्हा जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर आला आणि तोही रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये लिहू लागला. शेवटी सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा नावं शोधून देणारा मध्यस्थ आला. आज उबुंटूवर आणि २०२० च्या फेडोरा ३३ पासून फेडोरावरही तोच मुळातून बसवलेला असतो.

हे डोक्यात बसवायला मी गावाचा दाखला देते. उदगीरकडच्या एखाद्या गावात तुम्ही पहिल्यांदा गेलात आणि कुणाचं तरी घर शोधताय. आधी खिशातली चिठ्ठी काढता, ती होस्ट्स फाइल. चिठ्ठीत नसेल तर पारावर बसलेल्यांना हाक मारता, ती एमडीएनएस, म्हणजे आपल्याच जाळ्यातल्या यंत्रांना एकदम घातलेली साद. तिथेही नाही कळलं तर ग्रामपंचायत गाठता, ते डीएनएस. कुणाला आधी विचारायचं आणि कुठून परत फिरायचं, हे लिहिलेलं असतं एनएसस्विचमध्ये. आणि पंचायतीचं कार्यालय नेमकं कुठल्या घरात आहे, ते रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये.

गंमत अशी की प्रत्येक प्रोग्राम याच वाटेने जाईल असंही नाही. आणि तपासातली पहिली चूक इथेच होते.

पहिली पायरी: योग्य साक्षीदाराला विचारा

नाव सापडत नाही म्हटलं की आपला हात सवयीने डिग किंवा एनएसलुकअपकडे जातो. ही दोन्ही चांगली हत्यारं आहेत, पण ती थेट पंचायतीत जातात. चिठ्ठी बघत नाहीत, पारावर थांबत नाहीत, एनएसस्विच उघडून पाहत नाहीत. त्यामुळे डिगला नाव सापडतं आणि ब्राउझरला सापडत नाही, किंवा याच्या उलट, असे चमत्कार दिसतात. बहुतेक प्रोग्राम ज्या वाटेने जातात, तिची साक्ष हवी असेल तर ही कमांड ('हिशोब'चं पूर्ण नाव हिशोब.इंटर्नल):

गेटएंट एहोस्ट्स हिशोब.इंटर्नल

एहोस्ट्समधला सुरुवातीचा 'ए' विसरू नका. नुसतं होस्ट्स लिहिलं तर ते जुन्या पद्धतीच्या फंक्शनने शोधतं. 'ए'वालं रूप तेच गेटअॅड्रइन्फो वापरतं, जे आजचे बहुतेक प्रोग्राम वापरतात. मग शेजारी थेट पंचायतीला विचारून बघा (आमच्या दुकानात ती बिलिंगच्याच सर्व्हरवर बसते):

डिग @१९२.१६८.१.१० हिशोब.इंटर्नल

दोन्ही उत्तरं बरोबर आली तर नावाची वाट ठीक आहे, दुखणं दुसरीकडे आहे. डिग बरोबर आणि गेटएंट चूक असेल तर घोटाळा तुमच्या यंत्राच्या आत आहे. दोन्ही चूक असतील तर सर्व्हरवर जा. निम्मा तपास इथेच संपतो. तरी गेटएंट फारसं कुणी वापरत नाही, मीही पहिली पाच वर्षं वापरलं नव्हतं.

दुसरी पायरी: क्रमाची ओळ वाचा

ग्रेप होस्ट्स /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ

डेस्कटॉप उबुंटूवर साधारण अशी ओळ दिसते:

होस्ट्स: फाइल्स एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न] डीएनएस

डावीकडून उजवीकडे वाचा. आधी फाइल्स, म्हणजे चिठ्ठी. मग एमडीएनएस, म्हणजे पार. कंसातला मजकूर हा त्याच्या डावीकडच्याला दिलेला हुकूम आहे: पारावरच्यांनी 'असा कुणी गावात नाही' म्हटलं की तिथूनच मागे फिरायचं, पंचायतीपर्यंत जायचंच नाही. हा हुकूम सगळ्या नावांना लागू नाही. एमडीएनएस४_मिनिमल फक्त .लोकलने संपणाऱ्या नावांकडे बघतो, बाकीची नावं पुढे सोडून देतो.

मी पहिल्या वर्षी नेमकी इथेच माती खाल्ली. दुकानाच्या सर्व्हरचं नाव मी 'हिशोब.लोकल' ठेवलं होतं, दिसायला छान, लिहायला सोपं. राउटरमध्ये त्याची नोंदही केली. राउटरला डिगने विचारलं की चोख उत्तर येई, आणि पिंग मात्र 'नाव माहीत नाही' म्हणून हात वर करी. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. .लोकल हे शेपूट २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने एमडीएनएससाठी राखून ठेवलेलं आहे, ते आपल्या डीएनएसमध्ये वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर पेरणी करणं. घरच्या जाळ्यासाठी .इंटर्नल वापरा. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०२४ मध्ये ते खाजगी वापरासाठी कायमचं बाजूला काढलं आहे. होम.आर्पाही चालतं, पण ते दुकानातल्या पोरांना टाइप करायला सांगून बघा.

फेडोरावर याच ओळीत 'रिझॉल्व्ह' नावाचा आणखी एक गडी दिसेल. तो डीएनएसचा रस्ता न धरता थेट सिस्टमडी-रिझॉल्व्हडशी बोलतो. ओळ वाचायची रीत तीच.

या फायलीत सहसा काही बदलावं लागत नाही. ती वाचायची आणि मिटवायची.

तिसरी पायरी: सातबारा कुणाच्या नावावर?

आता खरा मुद्दा. रिझॉल्व्ह.कॉन्फ उघडून त्यात नेमसर्व्हर, म्हणजे नावं सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, लिहिणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाया जाणारा उपाय आहे. लिहिता, चालतं, खूश होता. रात्री यंत्र बंद होतं, सकाळी सगळं पुसलेलं. मग चिडून फायलीला चॅट्र प्लस-आयने कुलूप ठोकता. मीही ठोकलंय. आठ महिन्यांनी राउटर बदलला, तेव्हा ते कुलूप मीच ठोकलंय हे विसरले होते आणि अख्खी दुपार 'ही फाइल रूटलाही बदलता का येईना' यात घालवली. शिवाय फाइलच्या जागी नुसती लिंक असेल तर तिला हे कुलूप बसतच नाही.

म्हणून लिहिण्याआधी विचारायचं: या फायलीचा मालक कोण?

एलएस -एल /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

बाण दिसला आणि तो /रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फकडे जात असेल तर मालक सिस्टमडी-रिझॉल्व्हड. अशा फायलीत एकच नेमसर्व्हर असतो, १२७.०.०.५३. हा बाहेरचा कुणी नाही, तुमच्याच यंत्रात बसलेला मध्यस्थ आहे. हा आकडा बघून 'हे काय भलतंच' म्हणत तो खोडणारे खूप. खोडू नका. खरे सर्व्हर या मध्यस्थाच्या वहीत आहेत.

बाण नाही, साधी फाइल आहे आणि वरच्या टिपेत नेटवर्कमॅनेजरचं नाव आहे, तर मालक तो. बाण रिझॉल्व्हकॉन्फ नावाच्या फोल्डरकडे गेला तर मालक त्याच नावाचं जुनं पॅकेज. आणि साधी फाइल, टीप कसलीच नाही, तर मालक कुणी तरी माणूस आहे. तुमच्या आधी इथे कुणीतरी हात मारून गेलंय. अशा वेळी मी आधी फायलीची तारीख बघते आणि मग दुकानात विचारते की त्या सुमारास कोण आलं होतं. उत्तर बहुधा 'मालकाचा भाचा' असतं.

मालक एकच ठेवायचा. दोन मालक असलेल्या शेताचं काय होतं ते मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको, आपली निम्मी तहसील त्यावरच चालते.

चौथी पायरी: मध्यस्थाची वही

मालक रिझॉल्व्हड असेल तर:

रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस

वर 'ग्लोबल' नावाचा भाग, खाली प्रत्येक नेटवर्क कार्डाचा 'लिंक' भाग. प्रत्येकाचे डीएनएस सर्व्हर वेगळे असू शकतात. केबलचे वेगळे, वायफायचे वेगळे, व्हीपीएन असेल तर त्याचे आणखी वेगळे. दोन ओळी बारकाईने वाचायच्या: 'डीएनएस सर्व्हर्स' म्हणजे दिलेली यादी, आणि 'करंट डीएनएस सर्व्हर' म्हणजे या क्षणी ज्याला विचारलं जातंय तो.

त्या सकाळी मी दुकानात पोचले तेव्हा मुनीमजी हाताने पट्ट्या लिहीत होते. बिघडलेल्या संगणकावर ही कमांड चालवली. यादीत दोन सर्व्हर होते, १९२.१६८.१.१० आणि गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८, मीच दिलेले. करंट सर्व्हर: ८.८.८.८. मग खुर्ची सरकवून चालणाऱ्या संगणकावर गेले. यादी तीच, क्रमही तोच. करंट सर्व्हर: १९२.१६८.१.१०.

एवढ्यावर सगळं उलगडलं. मुनीमजींना विचारलं, "सकाळी लाईट गेली होती का?" "गेलती की, नऊ-सव्वानऊला. दहा मिनटांत आली बी."

झालं होतं ते असं. काउंटरचे संगणक आणि राउटर इन्व्हर्टरवर. मागच्या खोलीतला सर्व्हर इन्व्हर्टरवर नाही. नावांचं काम तोच करत होता. लाईट गेली, तो बंद पडला. सुरू असलेल्या तीन संगणकांनी त्याला हाका मारल्या, उत्तर नाही म्हटल्यावर यादीतल्या दुसऱ्याकडे, ८.८.८.८ कडे वळले. दहा मिनिटांनी सर्व्हर परत उठला, पण रिझॉल्व्हड आपणहून मागे फिरत नाही. दुसरा सर्व्हर नीट उत्तरं देत असेल तोवर तो त्यालाच धरून राहतो. आणि ८.८.८.८ ला यूट्यूब माहीत आहे, लातूरच्या एका दुकानातला 'हिशोब' कुठून माहीत असणार? उरलेले दोन संगणक पोरांनी लाईट आल्यानंतर सुरू केले होते, म्हणून ते शहाणे निघाले.

तिन्ही संगणकांवर एक कमांड दिली आणि पट्ट्या सुरू झाल्या:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-रिझॉल्व्हड

दुसरा सर्व्हर म्हणजे स्टेपनी नव्हे

लिनक्स चांगलं येणाऱ्यांनाही हा मुद्दा चकवतो, म्हणून इथे जरा थांबते. आपण दोन नेमसर्व्हर लिहितो ते असं समजून की पहिल्याला एखादं नाव माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारलं जाईल. तसं होत नाही. 'असं नाव अस्तित्वात नाही' हे डीएनएसच्या लेखी पूर्ण उत्तर आहे, तपास तिथे संपतो. दुसऱ्याकडे तेव्हाच जातात जेव्हा पहिला बोलतच नाही किंवा आपल्यात बिघाड आहे असं सांगतो.

म्हणून यादीतल्या सगळ्या सर्व्हरांना सारखीच माहिती असली पाहिजे. घरचा सर्व्हर आणि बाहेरचा सर्व्हर एकाच यादीत शेजारी शेजारी बसवणं ही चूक आहे, मग ते इंटरनेटवरच्या कितीही लेखांत लिहिलेलं असो.

जुनी, मध्यस्थ नसलेली पद्धत असेल तर दुखणं वेगळ्या रूपात दिसतं. तिथे ग्लिबसी, म्हणजे बहुतेक प्रोग्राम वापरतात ती लिनक्सची मूळ लायब्ररी, प्रत्येक वेळी यादीच्या डोक्यापासून सुरुवात करते. पहिला सर्व्हर मेलेला असेल तर त्याच्यासाठी ५ सेकंद थांबते, मग दुसऱ्याकडे जाते. काल तो मेला होता हे प्रत्येक नवा प्रोग्राम नव्याने शिकतो. सगळं चालतं, पण रडत-रखडत. आणि नेमसर्व्हरच्या पहिल्या ३ ओळीच वाचल्या जातात. चौथी, पाचवी लिहून ठेवली तर ती शोभेची.

रिझॉल्व्हडच्या सेटिंगमध्ये 'फॉलबॅकडीएनएस' नावाचं एक पद आहे, त्यानेही फसू नका. नाव सांगतं की अडीनडीला हा. प्रत्यक्षात कुठूनही एकही सर्व्हर मिळालेला नसेल तेव्हाच तो वापरतात. मिळालेला सर्व्हर मेला म्हणून कुणी याच्याकडे येत नाही.

पाचवी पायरी: दुरुस्ती, पण मालकाच्या हातून

दुकानातल्या काउंटरच्या संगणकांवर नेटवर्कमॅनेजर कार्डांचा कारभार बघतो आणि रिझॉल्व्हडला सर्व्हर कळवतो. म्हणून बदल नेटवर्कमॅनेजरमध्ये. आधी कनेक्शनचं नाव बघा:

एनएमसीएलआय कनेक्शन शो

मग त्या नावाने:

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "दुकान" आयपीव्ही४.डीएनएस १९२.१६८.१.१० आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस आयपीव्ही६.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन अप "दुकान"

शेवटचा आयपीव्ही६चा तुकडा गाळू नका. आपण आयपीव्ही४चं सगळं चोख करतो आणि राउटर मागच्या दाराने आयपीव्ही६वरून स्वतःचा डीएनएस आत सरकवतो. मग यादीत पुन्हा दोन वेगळ्या माहितीचे सर्व्हर, पुन्हा तोच खेळ.

नुसतं 'हिशोब' असं एका शब्दात लिहून काम व्हावं असं वाटत असेल तर आयपीव्ही४.डीएनएस-सर्च या पदात इंटर्नल लिहा. ते नसेल तर रिझॉल्व्हड एका शब्दाचं नाव डीएनएसकडे पाठवतच नाही.

उबुंटूचा सर्व्हर असेल तर मालकी बहुधा नेटप्लॅनकडे असते. /ईटीसी/नेटप्लॅनमधल्या यामल फायलीत नेमसर्व्हर्सखाली अॅड्रेसेस लिहायचे आणि डीएचसीपी४-ओव्हरराइड्सखाली यूज-डीएनएस: नो. यामलमध्ये टॅब चालत नाही, मोकळ्या जागा मोजून द्याव्या लागतात. दुरून लॉगिन करून काम करत असाल तर नेटप्लॅन अप्लाय न देता नेटप्लॅन ट्राय द्या. तुम्ही १२० सेकंदांत होकार दिला नाही तर ते जुन्या सेटिंगवर परत येतं. अहमदपूरच्या सर्व्हरची लाइन लातुरात बसून तोडली आणि मग एसटीने जाऊन जोडली, हा अनुभव एकदा घेतला तेवढा पुरे.

काही जण थेट रिझॉल्व्हड.कॉन्फमध्ये 'डीएनएस=' लिहितात. चालतं, पण त्याने कार्डाला मिळालेले सर्व्हर रद्द होत नाहीत. दोन्हीकडे विचारलं जातं. म्हणून मी कार्डाच्या पातळीवरच बदल करते.

आणि ज्याला यातलं काहीच नको, एक साधी फाइल हवी, त्यालाही मार्ग आहे. रिझॉल्व्हड डिसेबल करा, लिंक पुसा, रिझॉल्व्ह.कॉन्फ हाताने लिहा, आणि नेटवर्कमॅनेजर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये मेन विभागाखाली डीएनएस=नन लिहून त्याला बाजूला बसवा. जागचा न हलणाऱ्या सर्व्हरसाठी हा मार्ग मला मनापासून आवडतो. लॅपटॉपवर मात्र नको.

सहावी पायरी: घरचा नाव-सर्व्हर

खरं सांगायचं तर पाच संगणकांसाठी नाव-सर्व्हर लागतच नाही. सर्व्हरचा पत्ता कायम ठेवा आणि पाचही होस्ट्स फायलींत एक ओळ लिहा, विषय संपला. पण दुकानात वजन काट्यापाशी एक अँड्रॉइड टॅब होता आणि त्याची होस्ट्स फाइल सहजासहजी बदलता येत नाही. म्हणून डीएनएसमास्क, छोट्या जाळ्यासाठीचा नाव-सर्व्हर.

सेटिंग सहा-सात ओळींची:

नो-रिझॉल्व्ह
सर्व्हर=१.१.१.१
सर्व्हर=८.८.८.८
लोकल=/इंटर्नल/
होस्ट-रेकॉर्ड=हिशोब.इंटर्नल,१९२.१६८.१.१०
लिसन-अॅड्रेस=१२७.०.०.१,१९२.१६८.१.१०
बाइंड-डायनॅमिक

नो-रिझॉल्व्हमध्येही 'ई' नाही, तोच जुना वारसा. या ओळीने त्याला सांगितलं की बाहेरचे सर्व्हर रिझॉल्व्ह.कॉन्फमधून उचलू नको, मी दिलेले वापर. हे दोन्ही बाहेरचे सर्व्हर सारखीच माहिती देणारे आहेत, म्हणून इथे दोन लिहिणं बरोबर. लोकलची ओळ घरची नावं बाहेर जाऊ देत नाही.

लिसन-अॅड्रेस आणि बाइंडच्या ओळी नसतील तर डीएनएसमास्क सगळ्याच पत्त्यांवर ५३ नंबरचं पोर्ट मागतो, तिथे १२७.०.०.५३ वर रिझॉल्व्हड आधीच बसलेला असतो, आणि 'पत्ता आधीच वापरात आहे' म्हणून सेवा उठतच नाही. बाइंड-इंटरफेसेस लिहूनही हे भांडण मिटतं, पण मी डायनॅमिक का घेतलं? लाईट आल्यावर सर्व्हर आणि नेटवर्कचा स्विच एकदमच जागे होतात. कधी सर्व्हर आधी तयार होतो, तेव्हा कार्डाला पत्ताच मिळालेला नसतो आणि इंटरफेसेसवाला डीएनएसमास्क तिथेच मान टाकतो. डायनॅमिकवाला पत्ता येईपर्यंत वाट बघतो.

मग राउटरच्या डीएचसीपीच्या, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या, पानावर डीएनएस म्हणून फक्त १९२.१६८.१.१० द्या. दुसरा रकाना रिकामा. तो सोडवत नाही, हात शिवशिवतो, तरी रिकामा.

याची किंमत आहे. सर्व्हर बंद तर इंटरनेटही बंद, कारण नावं सांगणारा कुणी नाही. मी दुकानमालकांना दोन्ही बाजू सांगितल्या. ते म्हणाले, "पट्टी नसंल तर यूट्यूब काय करायचंय?"

किरकोळ, पण रात्र खाणारी दुखणी

सगळं चालतं पण प्रत्येक नाव उघडायला बरोबर ५ सेकंद लागतात. आकडा इतका नेमका असेल तर तो योगायोग नसतो. टाइम गेटएंट एहोस्ट्स लावून मोजा. एक कारण वर आलंय, मेलेला पहिला सर्व्हर. दुसरं असं की ग्लिबसी आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन प्रश्न एकाच वाटेने एकदम पाठवते आणि काही स्वस्तातले राउटर त्यातल्या एकाचंच उत्तर देतात. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये 'ऑप्शन्स सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन' लिहून बघा.

बदल केला तरी जुनाच पत्ता येतो. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण त्याच दिवशी सगळ्या पाट्या थोड्याच बदलल्या? कॅशचं, म्हणजे लक्षात ठेवलेल्या जुन्या उत्तरांचं, तसंच असतं. रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेसने मध्यस्थाची पाटी पुसली जाते, ब्राउझरची वेगळी, प्रोग्रामची आणखी वेगळी. 'नाव नाही' हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये राहतं, हे विसरू नका. नोंद करण्याआधीच उतावीळपणे नाव तपासलं की नोंद केल्यावरही काही वेळ ते नाहीच म्हणून सांगतं.

सगळीकडे नाव सापडतं, फक्त ब्राउझरमध्ये नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सुरक्षित डीएनएस सुरू आहे का बघा. ते सुरू असेल तर ब्राउझर तुमच्या पंचायतीला ओलांडून परस्पर जिल्ह्याला जातो.

सुडो दिल्यावर 'होस्ट सापडत नाही' अशी कुरकुर येते. यंत्राचं नाव बदललंय आणि होस्ट्स फायलीतली १२७.०.१.१ ची ओळ जुनीच राहिली आहे. ती नीट करा.

डॉकर म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत, कंटेनरांत, चालवायची सोय, आणि त्याच्या आत वेगळंच जग आहे. स्वतः बनवलेल्या नेटवर्कवरच्या कंटेनरला १२७.०.०.११ हा डॉकरचाच मध्यस्थ दिसतो. आणि कंटेनर अल्पाइन या छोट्या लिनक्सचा असेल तर तिथे ग्लिबसी नाही, मसल आहे. मसल एनएसस्विच वाचत नाही आणि यादीतल्या सगळ्या सर्व्हरांना एकदम विचारून पहिलं येईल ते उत्तर घेते. घरचा आणि बाहेरचा सर्व्हर एका यादीत ठेवायची चूक तिथे रोज नव्याने नाणेफेक करते.

डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरच्या सह्यांची तपासणी, सुरू केली असेल आणि जुन्या यंत्राचा घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल संपला असेल, तर लाईट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, सह्यांच्या तारखा जुळत नाहीत, आणि वेळ विचारायच्या सर्व्हरचं नावही सापडत नाही म्हणून घड्याळ सुधारतही नाही. तो सेल बदलून टाका.

शेवटची पायरी: लाईट घालवून बघा

बदल झाल्यावर यंत्र रीस्टार्ट करून तपासणं पुरत नाही. आमच्याकडे बिघाड रीस्टार्टने होत नाही, लाईटने होतो. म्हणून बाजार बंद असताना मी दुकानाचा मेन स्विचच खाली ओढला. काउंटर इन्व्हर्टरवर, सर्व्हर बंद. दोन-तीन संगणकांवर मुद्दाम यूट्यूब उघडायला सांगितलं, म्हणजे त्यांनी नावं शोधून थकावं. दहा मिनिटांनी स्विच वर. सर्व्हर उठायला दीड-दोन मिनिटं लागली. मग प्रत्येक संगणकावर गेटएंट आणि रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस. पाचही ठिकाणी करंट सर्व्हर १९२.१६८.१.१०. टॅबवरही पान उघडलं.

सर्व्हरच्या डब्यावर आतून एक कागद चिकटवला: रिझॉल्व्ह.कॉन्फचा मालक कोण, बदल कुठल्या कमांडने केला, तारीख. पुढच्या वेळी भाचा येईल किंवा मीच सगळं विसरून येईन, दोघांनाही तो लागेल.

जाताना वायरमनला बोलावून मागच्या खोलीतला बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला सांगितलं. त्याने स्टूल घेतलं, दोन वायरी बदलल्या, अर्ध्या तासात मोकळा झाला. मुनीमजी स्विचकडे बघत म्हणाले, "ताई, हे आधीच केलं असतं तर?"

"तर चूक सापडली नसती," मी म्हटलं.

त्यांना ते काही पटलं नाही.